डब्याचा कान

१

अयोध्याबाई गेल्या तेव्हा त्यांच्या मुठीत बटण होतं.

शर्टाचं नव्हे. खाटेच्या उशाशी वायरीला लोंबकळणारं, लिमलेटच्या गोळीएवढं हिरवं बटण. म्हातारी शेतवस्तीवर एकटी राहते म्हणून नातीनं, समृद्धीनं, बसवून दिलेलं. बरं वाटेनासं झालं की ते दाबायचं, की शेतापलीकडे राहणाऱ्या चुलतदिराच्या, रामहरीच्या, आणि समृद्धीच्या स्वतःच्या फोनवर भोंगा वाजायचा, अशी व्यवस्था होती. सकाळी रामहरीचीच बायको बानूबाई दूध घेऊन आली आणि तिनं पाहिलं. भिंतीवरच्या डब्याचा लाल दिवा निवांत जळत होता. मूठ उघडायला दोन माणसं लागली.

भोंगा वाजला नव्हता.

हे सगळं बिभीषणानं नारायणरावांच्या ओसरीत बसून सांगितलं. आईचा तेरावा नुकताच उरकला होता आणि त्याच्या डोक्यावर केसांचं पहिलं पीक उगवू लागलं होतं. नारायणराव भूमजवळच्या एका साखर कारखान्यात चौकशी अधिकारी होते. कारखाना आता बंद आहे. चौकशा मात्र सगळ्या पूर्ण झाल्या.

"साहेब, मळीचा टँकर कुणी पळवला ते तुम्हीच शोधलं होतं," बिभीषण म्हणाला. तो तेव्हा तिथंच वजनकाट्यावर कारकून होता.

"शोधलं होतं. ज्यानं पळवला, अहवाल त्यालाच सादर करायचा होता."

"मंग आता माझं एवढं बघा. काकानं वायफाय बंद केलं. बांधाच्या मोजणीचा अर्ज म्या दिला, त्याचा हा राग. आईचा डबा काकाच्या घरच्या वायफायवर चालायचा. त्यानं ते बंद केलं आन माझी आई बटण दाबत दाबत मेली."

"बघितलंस तू बंद करताना?"

"बघायला कशाला पायजे? सोमवारी पोलिसांत चाललोय. तुम्ही फकस्त तक्रार नीट लिहून द्या. तुमची भाषा चांगली हाय."

आतून शामलाबाईंचा आवाज आला, "चांगली आहे म्हणूनच कुणावर कधी कारवाई झाली नाही."

नारायणरावांनी चष्मा पुसला. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचा एकही मुद्दा त्यांना खोडता आला नव्हता. "तक्रार लिहिण्याआधी डबा बघू," ते म्हणाले.

२

वस्ती काही फार लांब नव्हती, पण बिभीषणाच्या मोटारसायकलवर लांब वाटली. दोन्ही बाजूंना शाळू गुडघ्याला आला होता. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे.

आत गेल्यावर नारायणरावांना आधी दिसलं ते कुंकू. अयोध्याबाईंनी खंडेनवमीला हत्यारांची पूजा केली होती, ती अजून घरभर शिल्लक होती. विळ्याला कुंकू, खुरप्याला कुंकू, शिलाई मशीनला, मिक्सरला, मोटारीच्या स्टार्टरला. टीव्हीच्या रिमोटलाही एक बोट लागलं होतं. जो काम करतो त्याला कुंकू, असा साधा न्याय. कारखान्यात हा न्याय लावला असता तर एक पुडी कितीतरी वर्षं पुरली असती, असं नारायणरावांना वाटलं. मग त्यांची नजर रिकाम्या खाटेवर गेली आणि पुढं काही वाटेनासं झालं.

समृद्धी खाटेशेजारी जमिनीवर बसली होती. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेली पोरगी. बिभीषणानं चहा टाकायला सांगितला, तर ती उठली नाही. तोच टाकायला गेला.

"हा डबा तू केलास?"

"व्हय आजोबा." तिनं वर न बघता सांगितलं. "आत पत्त्याच्या कॅटाएवढा संगणक हाय. लिनक्स नावाच्या सिस्टीमवर चालतो. ह्याला स्वतःचं वायफाय न्हाय, म्हणून बाहेरून यूएसबीचं अडॅप्टर लावावं लागतं. ते बघा."

डब्याच्या कडेला अंगठ्याएवढं काळं काहीतरी खोचलेलं होतं, त्याला काडीएवढी दांडी.

"आजी त्याला कान म्हणायची. 'डब्याचा कान बरा हाय का गं?' असं फोनवर विचारायची. स्वतःचं कधी सांगितलं न्हाय."

कानावर लाल ठिपका होता. नारायणरावांनी बोट दाखवलं.

"नेलपॉलिश. मीच लावलंय, खूण म्हणून."

"रोज तुला काही कळायचं का, डबा चालू आहे की बंद?"

"मी तसं करणार होते. आजी म्हणाली, मला हजेरी लावायची न्हाय. बटण दाबलं तरच बोलायचं, असं तिनं ठरवलं. दाबलं की निळा दिवा लुकलुकायचा. तिला सांगितलं होतं, दिवा लुकलुकला की समज, डब्यानं ऐकलं." तिनं बटणाकडं बघितलं. "म्हणजे तिला दिवा दिसला असणार. तिला वाटलं असणार, आता येतील."

आतल्या खोलीत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता. समृद्धीनं आवाज खाली आणला.

"रामहरी आजोबांनी काही केलं न्हाय. आजीला मी मारलं."

३

नारायणरावांनी आयुष्यात पुष्कळ कबुलीजबाब ऐकले होते. ते बहुतेक दुसऱ्याच्या नावचे असायचे.

"कसं मारलंस?"

"दसऱ्याच्या आधी मी पुण्यात बसून ह्याच्यात नवी सिस्टीम टाकली. लिनक्समध्ये प्रत्येक अडॅप्टरच्या चिपला वेगळा ड्रायव्हर लागतो. नवी सिस्टीम आली की कधीकधी जुना ड्रायव्हर बसत न्हाय. अडॅप्टर दिसतं, दिवा दिसतो, पण ऐकू काही येत न्हाय. आजी गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी डबा बघितला, त्याला एकही वायफाय दिसत नव्हतं. रामहरी आजोबांचं माझ्या फोनवर दिसतंय, डब्याला न्हाय."

"सिस्टीम टाकल्यावर डबा परत लागला होता का?"

"लागला होता... मला वाटतं, लागला होता. परीक्षा होती. नीट बघितलं न्हाय. दिवाळीला आजीच धाराशिवला आमच्याकडं आली, त्यामुळं इथं येणंच झालं न्हाय." तिनं नाक पुसलं. "मी कॉलेज सोडलंय. पप्पांना अजून सांगितलं न्हाय. सोमवारी ते रामहरी आजोबांवर केस करणार, त्याच्या आधी सांगावं लागंल."

बिभीषण चहा घेऊन आला. त्यात साखर नव्हती. साखर कारखान्यातल्या दोन माणसांनी तो तसाच प्यायला.

नंतर नारायणराव एकटेच बांधावरून चालत रामहरीकडं गेले. रामहरी गोठ्यात शेळीला पाला टाकत होता. पांढऱ्या मिशा, अंगात बंडी.

"तुम्हीच का ते चौकशीवाले? उभ्यानं बोलू का बसून?"

"बसा. उभा माणूस घाईनं खोटं बोलतो."

"आन बसलेला?"

"सावकाश बोलतो. मला लिहून घ्यायला बरं पडतं."

रामहरी हसला नाही. बसला मात्र.

"वायफाय बंद केलं होतं त्या दिवशी?"

"कशाला करू? कार्तिक चालू हुता. बानू पहाटं त्याच्यावरच काकडा लावती. बंद केलं आसतं तर तिनं मलाच घराभायेर काढलं आसतं."

"खरंय," बानूबाई दारातून म्हणाल्या. "त्या दिवशी बी लावला. मधी तुटला बी न्हाय." मग त्यांचा आवाज फिरला. "म्या इकडं टाळ्या वाजवत बसले आन तिकडं ती बाई..."

"बांधाचं भांडण?"

"ते बिभीषणाशी हाय, वैनीशी न्हाय," रामहरी म्हणाला. "वैनी म्हणायची, तुमी काका-पुतणे बांध उकरत बसा, मी मधी शेवगा लावती. शेंगा दोघांनी बी माझ्याकडनं मागून न्या." तो शेळीकडं बघत राहिला. "आता कुणाकडनं मागावं?"

नारायणरावांनी बानूबाईंना विचारलं, "नवमीला तुम्ही अयोध्याबाईंकडं होतात का?"

"व्हय तर. घरातली समदी हत्यारं पाटावर मांडली. डबा बी भितीवरनं उतरवला. मला म्हणली, पोरगी लांब हाय, तिच्या हत्याराची पूजा मीच करायची. समृद्धीचं म्हणून जे काय सापडलं ते मांडलं. येक बी सोडलं न्हाय."

नारायणराव परत निघाले तेव्हा त्यांची अवस्था बिकट होती. रामहरी खरं बोलत होता. बानूबाई खरं बोलत होत्या. समृद्धी तर गरजेपेक्षा जास्त खरं बोलत होती. खोटं बोलणारा एक जरी असला की चौकशी सोपी जाते. त्याचा धागा धरायचा आणि ओढत जायचं. इथं धागाच नव्हता. तरी डबा बहिरा होता आणि बाई गेली होती.

मग बांधाच्या मध्यावर ते थांबले. एकच अडॅप्टर असेल, तर त्याच्यावर खूण कशाला लागते?

४

शरणबसप्पाचं दुकान भूमच्या बाजारपेठेत होतं. मूळचा तो कर्नाटकाच्या सीमेवरच्या मुरुमचा. मोबाइल, चार्जर, रिमोट, पाण्याच्या टाकीचे गजर आणि गणपतीतल्या माळा असं सगळं विकायचा, आणि परत काही घ्यायचा नाही.

"धाराशिवच्या बिभीषणाची पोरगी ना, सर? नेलं की. एक नाही, दोन नेले होते."

"दोन कशाला?"

"एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून. हुशार पोरगी." त्यानं काचेखालून एक पाकीट काढलं. "हे बघा. पाकीट तेच, नाव तेच, दांडी तीच. पण कंपनी मधनंच आतली चिप बदलून टाकती री. कुणाला सांगत नाही. विंडोजवाल्याला फरक पडत नाही. ह्या पोरीच्या त्या लिनक्सला लगेच कळतं. एक लावलं तर एका दमात लागलं. दुसऱ्यापायी गेल्या वर्षी तिची अख्खी दिवाळी गेली. काय काय कमांड मारल्या, रडली, परत आली."

"मग परत घेतलंत?"

"पाकीट फाडलं होतं की, सर!" शरणबसप्पाला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "मी सल्ला दिला. म्हणालो, ताई, वरनं बघून ओळखू येणार नाहीत, चालणाऱ्यावर खूण कर. सल्ल्याचे पैसे लावले नाहीत."

नारायणरावांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. "ड्रायव्हर म्हणजे नक्की काय हो?"

"गाडीला असतो तसाच, सर. फक्त हा पगार मागत नाही आणि दुसऱ्याच्या गाडीवर बसत नाही."

"असा एक आमच्या कारखान्याला मिळाला असता तर," नारायणराव म्हणाले आणि उठले. त्यांच्या डोळ्यांसमोर विळा आला, खुरपं आलं, टीव्हीचा रिमोट आला. काय झालं असावं ते त्यांना कळलं होतं, आणि कारखान्याच्या कुठल्याही प्रकरणात उत्तर सापडल्यावर असं परत टाकून द्यावंसं वाटलं नव्हतं.

सोमवार उद्यावर आला होता.

५

दुपारी ते पुन्हा वस्तीवर पोचले. बिभीषण तक्रारीचे कोरे कागद घेऊन तयारच बसला होता.

"थांब जरा. समृद्धी, दुसरा कान कुठं आहे?"

तिनं चमकून बघितलं. "तो मेलेला हाय. आजीच्या दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात टाकला होता. का?"

"आण बरं."

तिनं शिलाई मशीनखालचा पत्र्याचा डबा उघडला, रिळं बाजूला केली आणि हात तसाच थांबला. दुसरा कान तिथंच होता. त्याच्यावरही लाल ठिपका होता.

"ह्याला मी लावला नव्हता," ती हळूच म्हणाली.

नारायणरावांनी भिंतीवरच्या डब्यातला कान उपसला. पाण्याच्या तांब्यात बोट बुडवलं आणि त्याच्यावरच्या ठिपक्यावर फिरवलं. बोट लाल झालं. ठिपका गेला. खाली नुसतं काळं प्लॅस्टिक.

मग रिळांच्या डब्यातला घेतला. त्याच्यावरूनही बोट फिरवलं. बोट आणखी लाल झालं, पण ठिपका राहिला. कुंकवाखालून गुळगुळीत, चकचकीत नेलपॉलिश वर आलं.

बिभीषणाला अजून उलगडत नव्हतं. तो आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडं बघत होता.

"तू आजीला सांगितलं होतंस, लाल ठिपक्याचा तो आपला," नारायणराव म्हणाले.

"व्हय."

"नवमीला तिनं डबा उतरवला. कान काढून पुसला. तुझं म्हणून हाही रिळांतून काढला आणि शेजारी मांडला. दोघांना कुंकू लावलं. पूजा झाल्यावर परत बसवायची वेळ आली, तेव्हा दोन्हींवर लाल ठिपका होता. तिनं तू सांगितलेलं तंतोतंत पाळलं. लाल ठिपक्याचा उचलला आणि बसवला. लाल दिवा लागला. बाईचं समाधान झालं."

"आणि मी आले, ठिपका बघितला..." समृद्धीचे शब्द अडकायला लागले. "मला वाटलं, कान बरोबर हाय, म्हणजे माझीच सिस्टीम चुकली. मी पुढं तपासलंच न्हाय. एक कमांड मारली असती तरी आतली चिप कळली असती. मारायची भीती वाटली. आपणच केलंय हे स्क्रीनवर लिहून आलं तर, म्हणून."

"तुझी सिस्टीम चुकली का नाही, ते आत्ता बघू. मला काही कळत नाही. तूच लाव."

तिनं नेलपॉलिशचा कान डब्यात खोचला. वीज बंद करून चालू केली. लाल दिवा लागला. तिघंही त्या डब्यासमोर हात बांधून उभी राहिली, जशा अयोध्याबाई नवमीला उभ्या राहिल्या असतील. समृद्धीनं फोनवर काहीतरी बघितलं आणि तोंडावर हात घेतला.

"लागला. आजोबा, लागला. नवी सिस्टीम, काही बदललं न्हाय, आणि लागला."

"मग तू कॉलेजला जा," नारायणराव म्हणाले. बिभीषणानं वळून पोरीकडं बघितलं. त्यालाही एक-दोन गोष्टी आजच कळत होत्या.

"म्हंजी..." तो सावकाश म्हणाला, "म्हंजी आईनंच..."

"आईनं पूजा केली, बिभीषणा. ह्यापुढं एक अक्षर लिहायचं नाही."

तेवढ्यात समृद्धीच्या हातातला फोन भोंग्यासारखा ओरडला. तिनं दचकून तो खाटेवर टाकला. आणि त्याच क्षणी शाळवापलीकडून, रामहरीच्या घरातून, तोच भोंगा ऐकू आला.

"कुणी दाबलं?" बिभीषणानं वायरीकडं बघितलं. बटण लोंबकळत होतं. त्याच्याजवळ कुणी नव्हतं.

समृद्धी पांढरी पडली होती. "कुणी न्हाय पप्पा. वायफाय नसलं तर निरोप डब्यात थांबून राहतो. मिळालं की निघतो. मीच तसं लिहिलं होतं, निरोप वाया जाऊ नये म्हणून. हा... हा त्या दिवशीचा हाय."

बाहेर शाळू जोरात सळसळला. कुणीतरी वाट सोडून सरळ पिकातून येत होतं. रामहरी दारात येऊन आदळला. पायात काही नव्हतं. पोटऱ्या पात्यांनी कापल्या होत्या. धाप लागली होती.

"काय झालं? वैनी..." तो म्हणाला, आणि रिकाम्या खाटेकडं बघून त्याच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो. "फोनवर आलं, आजीनं बोलावलंय म्हणून. म्या काय इचार केला न्हाय. उठलो आन पळालो."

बिभीषण त्याच्या पायांकडं बघत होता. त्याच्या हातातले कोरे कागद खाली कधी पडले ते त्याचं त्यालाही कळलं नाही. त्यानं चुलत्याचा दंड धरला आणि त्याला उंबऱ्यावर बसवलं.

"काका, ते आईचं त्याच दिवशीचं हाय. आत्ता पोचलं."

"म्हंजी तिनं हाक मारली हुती मला."

"व्हय."

"आन म्या तिकडं पलीकडंच हुतो." रामहरीनं डोकं चौकटीला टेकलं. "हितंच. एवढ्यावर."

नारायणरावांना काहीतरी बोलायचं होतं. दोष नावाची गोष्ट ह्या घरात एकाच्या खांद्यावरून उतरली की दुसऱ्याच्या खांद्यावर बसत होती, आणि चौकशी अधिकाऱ्याकडं तिला बाहेर काढायची कुठलीही तरतूद नव्हती. त्यांनी लाल झालेलं बोट धोतराला पुसलं.

भोंगा पुन्हा वाजला. दोन्ही फोनवर, एक खाटेवर, एक रामहरीच्या बंडीत.

"बंद कर ते!" बिभीषण ओरडला.

समृद्धी खाटेपाशी गेली. फोन उचलला, आणि तसाच हातात धरून आजीच्या जागेवर बसली.

"न्हाय पप्पा. तिनं जेवढ्यांदा दाबलंय तेवढ्यांदा वाजू द्या."

भोंगा वाजला. थांबला. पुन्हा वाजला. बानूबाई धावत आल्या आणि दाराबाहेरच थबकल्या. बिभीषण चुलत्याशेजारी उंबऱ्यावर टेकला. डबा आपलं काम करत होता. दर वेळी निळा दिवा लुकलुकायचा आणि साठून राहिलेली आणखी एक हाक शेतावरून पलीकडं जायची.

रामहरीनं बंडीतून फोन काढला नाही. त्यानं नुसते डोळे मिटले, आणि भोंगा वाजला की दर वेळी, जवळच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, तो म्हणत राहिला,

"आलो, वैनी. आलो."